सव्वा महिना सरला, झोळी अजून सैल आहे

"मावशी, मी कोपरखैरण्यात राहते. वय २८. पहिलंच बाळंतपण. मुलगी झाली, आज ती सात आठवड्यांची आहे. नॉर्मल झालं, पण शेवटी व्हॅक्यूम लावावा लागला आणि टाके पडले. बाळ ३ किलो ४०० ग्रॅमचं होतं. पाटणहून आई आली होती. तिने सव्वा महिना सगळं केलं: मालीश, शेक-शेगडी, पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा, बाळंतशोपा, डिंकाचे लाडू. गेल्या आठवड्यात ती गावी गेली. आता घरात मी, नवरा आणि सासूबाई. नवरा माथाडी आहे, भाजी मार्केटला रात्री जातो, सकाळी येऊन झोपतो. सासूबाई वाईट नाहीत, पण त्यांच्या मते सव्वा महिना झाला म्हणजे बाळंतपण संपलं. पाणी भरणं, लादी पुसणं, वरच्या खोलीत कपडे वाळत घालणं सुरू झालंय. कंबर धरते. पोट अजून पाचव्या महिन्यासारखं दिसतं. पाणी प्यायला घेतलं की म्हणतात, जास्त पिऊ नको, पोट सुटेल. ऐरोलीच्या एका कंपनीत मी बिलिंगचं काम करते. तिथून विचारतायत, तीन महिन्यांनी येशील का? माझं शरीर पहिल्यासारखं कधी होईल?

ता. क. खोकला किंवा शिंक आली की थोडी लघवी होते. परवा बाळाला घेऊन जिना चढतानाही झाली. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, बायकांचं असंच असतं, आम्हालापण होतं. माझं नाव छापू नका."

प्रिय लेकी,

तुझं नाव छापलेलं नाही, पण ता. क. मुद्दाम छापला, कारण मला उत्तर तिथूनच सुरू करायचंय. एकतीस वर्षं मी प्रसूतिगृहात नर्स होते. बाया तपासणीला यायच्या, कंबर सांगायच्या, पोट सांगायच्या, आणि दारापर्यंत गेल्यावर मागे वळून हळू आवाजात म्हणायच्या, "सिस्टर, अजून एक होतं." ते "अजून एक" बहुतेक वेळा हेच असायचं. बाळंतपणानंतर दर तीन जणींमागे साधारण एकीला अशी लघवी सुटते. पण पुष्कळ जणींना होतं म्हणून ते सोसायचं असतं, असं नाही. पडसंसुद्धा घरोघरी होतं, तरी आपण काढा देतोच.

माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मीसुद्धा चार वर्षं पांढऱ्या युनिफॉर्मच्या आत दुहेरी कपडा घेऊन ड्युटी केली. रोज बाळंतिणींमध्ये वावरत होते, तरी कुणाला विचारायचा धीर झाला नाही. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम शिकवला आणि तीन महिन्यांत ते थांबलं. चार वर्षं गेली याचं मला आजही वाईट वाटतं. तू सातव्या आठवड्यातच विचारलंस, हे फार बरं केलंस.

तुझ्या घरात आता बाळाची झोळी टांगलेली असेल. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी अशीच एक स्नायूंची झोळी असते. पुढून जांघेच्या मधल्या हाडाला आणि मागून माकडहाडाला बांधलेली. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाचा मार्ग, तिन्ही तिच्या आधाराने राहतात. नऊ महिने तिने भार पेलला आणि बाळाचं डोकं बाहेर येताना तिचे काही स्नायू मूळ लांबीच्या दुप्पट-तिप्पट ताणले गेले. तुझं बाळ चांगलं भरलेलं होतं, त्यात व्हॅक्यूम. म्हणजे ताण जास्तच. झोळी सैल पडली की लघवीच्या वाटेवरची पकड ढिली होते, आणि शिंक, खोकला, जिना असा वरून दाब आला की थेंब सुटतात.

आता सव्वा महिन्याचं. जुन्या बायांचा हिशेब चुकीचा नव्हता, हे मी सासूबाईंच्या बाजूने आधी सांगते. बाळंत झाल्या झाल्या गर्भपिशवी जवळजवळ एक किलोची असते, बेंबीपाशी हाताला लागते. रोज बोटभर उतरत दहा-पंधरा दिवसांत ती ओटीपोटात जाते आणि सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येते. अंगावरून जाणंही आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरं होत साधारण तेवढ्याच काळात थांबतं. म्हणजे गर्भपिशवी सव्वा महिना पाळते. झोळी मात्र पाळत नाही. तिला, पोटाच्या स्नायूंना आणि कंबरेला पूर्ववत व्हायला सहा महिने, कधी वर्षसुद्धा लागतं. तू सातव्या आठवड्यात आहेस, मागे पडलेली नाहीस.

झोळीचा व्यायाम असा. उताणी झोप, गुडघे वाकव. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण मागची जागा आवळून धरतो ना, तशी आवळ आणि तीच पकड पुढे लघवीच्या जागेपर्यंत आण, जणू सगळं आत आणि वर खेचून घेतेयस. पोट, मांड्या, कुल्ले घट्ट करायचे नाहीत. श्वास रोखायचा नाही, मनात अंक मोजायचे. सुरुवातीला तीन मोजेपर्यंत धरता आलं तरी पुष्कळ. मग सोड, आणि धरलंस तेवढाच वेळ सैल राहू दे. सोडणं हासुद्धा व्यायामच आहे, घाईत बायका तोच विसरतात. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू आठ-दहा मोजेपर्यंत धरता येईल. झोपून जमलं की बसून, मग उभ्याने. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करू नकोस, त्याने लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. वेगळा वेळ काढावा लागू नये म्हणून तो दूध पाजण्याशी बांधून टाक. बाळ अंगावर लागलं की आठ वेळा. आणि शिंक येतेयसं वाटलं की आधी आवळ, मग शिंक. या एका सवयीने काही दिवसांतच फरक पडेल. झोळी भरून यायला मात्र निदान तीन महिने रोज करावं लागेल.

तीन महिन्यांनीही थांबलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांग आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी माग. काही गोष्टींसाठी मात्र तीन महिने थांबू नकोस. शौच किंवा वारा अडवता येत नसेल, खाली काही उतरल्यासारखं, अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, लघवीला जळजळ असेल किंवा लघवी अडकत असेल, टाक्यांच्या जागी अजून ठणका असेल, तर याच आठवड्यात दाखव.

खरं तर तू तशीही या आठवड्यात जायला हवंस. दीड महिन्याचा डोस द्यायला बाळाला नागरी आरोग्य केंद्रात नेलं असशील. तिथे बाळाचं वजन झालं, कार्डावर नोंद झाली, आणि पिशवी धरून उभ्या असलेल्या आईकडे कुणी बघितलं का? मी स्वतः त्या बाजूला उभी राहिलेली आहे, म्हणून सांगते, रांग मोठी असते आणि आई राहून जाते. सहा आठवड्यांची तपासणी आईचीसुद्धा असते. ज्या दवाखान्यात बाळंत झालीस तिथे जा, नाहीतर महापालिकेच्या वाशीच्या किंवा ऐरोलीच्या रुग्णालयात. बीपी बघायला सांग, हिमोग्लोबिन करून घे, टाके दाखव, आणि ता. क. दारापर्यंत न ठेवता बसल्या बसल्या पहिल्यांदा सांग. गरोदरपणात साखर वाढली होती का, तेही सांग. वाढली असेल तर साखरेची तपासणी आता पुन्हा करावी लागते.

पोटाबद्दल. पोटाच्या मधोमध उभी एक शिवण असते, तिच्या दोन्ही बाजूंना स्नायूंच्या पट्ट्या. गरोदरपणात ती शिवण ताणून पट्ट्या एकमेकींपासून लांब जातात. घरीच बघ: उताणी झोपून गुडघे वाकव, डोकं किंचित उचल आणि बेंबीच्या जरा वर बोटं आडवी ठेव. मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त खाच लागली, किंवा डोकं उचलताना मधोमध डोंगरासारखा फुगवटा आला, तर पट्ट्या अजून जवळ आलेल्या नाहीत. अशा पोटाला झोपल्या जागेवरून सरळ उठून बसायचे व्यायाम (सिट-अप्स) आणि पोट आत जायला म्हणून मोबाइलवर दाखवतात ते झटक्याचे व्यायाम अजिबात नकोत. त्यांचा दाब शिवणीवर आणि खाली झोळीवर येतो. तू सध्या एवढंच कर: श्वास सोडताना बेंबी पाठीच्या कण्याकडे हळू ओढून घे आणि त्याच वेळी झोळी आवळ. ते जमलं की झोपल्या झोपल्या एकेक टाच जमिनीवरून पुढे सरकवून परत आण. अंथरुणातून सरळ उठू नकोस, कुशीवर वळून हाताच्या रेट्याने ऊठ. कंबरेचं निम्मं दुखणं एवढ्यानेच उतरेल. उरलेलं निम्मं दूध पाजताना वाकून बसण्याने असतं. पाठीला भिंत, मांडीवर उशी, बाळ वर आण. तू खाली वाकू नकोस.

आईने बांधलेल्या लुगड्याच्या पट्ट्याने कंबरेला आधार मिळाला असणार, बरंही वाटलं असणार. पण पट्ट्याने पोट आत जात नाही. आणि फार आवळून बांधला तर वरचा सगळा दाब खाली जातो, जिथे आधीच सैल आहे. बांधायचाच तर दिवसा काही तास, दोन बोटं सहज आत जातील इतका. मालीश पाठीला, खांद्यांना, पायांना खुशाल करून घे, शिणलेल्या अंगाला कुणाचा हात लागणं फार मोलाचं असतं. पोट मात्र रगडू द्यायचं नाही.

आता शेगडीबद्दल, कारण पुढच्या बाळंतपणाला किंवा शेजारच्या घरी ती पुन्हा पेटेल. पाटणच्या कौलारू घरात, जिथे धूर वर निघून जातो, तिथली रीत आई मायेने इथे घेऊन आली. आपल्या खोल्यांना एक खिडकी, तीही वारा लागू नये म्हणून बंद. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो बाळ-बाळंतिणीचा झोपेतच जीव घेऊ शकतो. शेकासाठी गरम पाण्याची पिशवी पुरते. टाक्यांच्या जागेला आराम हवा असेल तर टबात बसवेल इतकं कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बस.

पाण्याने पोट सुटत नाही. हे सासूबाईंना माझ्या नावाने सांग. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्तच लागते आणि ती भागवायची असते. पाणी कमी पडलं की लघवी जळजळते, शौचाला खडा होतो, मग कुंथावं लागतं, आणि कुंथणं म्हणजे रोज झोळीवर घातलेला घाव. दर वेळी पाजायला बसताना शेजारी तांब्या-भांडं ठेव. कमोड असेल तर पायाखाली पाट घे, गुडघे वर आले की जोर करावा लागत नाही. लघवी सुटते म्हणून पाणी तोडणाऱ्या बायाही मी पाहिल्यात. तसं करू नकोस.

खाण्यापिण्यात मी आईच्या बाजूची आहे. अळीव, खारीक, खोबरं, सुंठ, बाळंतशोपा, तूप-भात, यात वावगं काही नाही. फक्त लाडू म्हणजे जेवण नव्हे. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर दोन भाकऱ्या, वाटीभर वरण किंवा उसळ आणि पेलाभर दूध. पाच-पाच लाडूंची त्याला गरज नाही. वातूळ म्हणून बंद केलेल्या डाळी, पालेभाज्या, फळं परत ताटात येऊ देत. बाळ रडतं ते प्रत्येक वेळी तू खाल्लेल्या वालाने रडत नाही. कोपरखैरणे गावातल्या एखाद्या काकू बोंबील, मांदेली, बांगड्याचं कालवण आणून देत असतील तर आनंदाने खा. दुधासाठी म्हणून किनारपट्टीत मोरी देतात, ती मात्र टाळ. मोरी म्हणजे लहान शार्क, आणि शार्कच्या मांसात पारा जास्त साठतो.

गोळ्या बंद केल्या असशील तर पुन्हा सुरू कर. लोहाची लाल गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज एक घ्यायची असते आणि कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा, सहा महिने. दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नको. आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात. आणखी महिना-दोन महिन्यांनी केस पुंजक्याने गळायला लागतील. घाबरू नकोस, ते परत येतात.

घरकामाचं. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो, तुझ्या लेकीच्या तिप्पट-चौपट. अजून निदान दीड महिना बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, आणि उकिडवं बसून लादी पुसायची नाही. हे सासूबाईंशी भांडून होणार नाही, नवऱ्याकडून होईल. तो रोज पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या पाठीवर घेतो. पाठीत भरलेल्या माणसाला भार दिला तर काय होतं, हे त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला हाच दाखला दे: माझ्या आतल्या स्नायूंना तशीच दुखापत झालीय. सकाळी मार्केटवरून आल्यावर झोपण्याआधी त्याने पाणी भरावं, कपड्यांची बादली वर न्यावी. वीस मिनिटांचं काम आहे. कपडे वाळत तू घाल. हलकं काम, चालणं तुला हवंच आहे. बाळ झोपलं की सासूबाईंजवळ ठेवून निसर्ग उद्यानात दहा मिनिटं चक्कर मारून ये, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढव. चालताना खाली जड वाटायला लागलं की तिथून परत फिर. धावणं, दोरीउड्या तीन महिन्यांच्या आत नकोत, आणि त्यानंतरही लघवी सुटणं थांबल्यावरच.

कंपनीला तीन महिन्यांचा शब्द देऊ नकोस. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, २०१७ च्या दुरुस्तीपासून. ती तू मागून घेतलेली सवलत नाही. कोपरखैरणे ते ऐरोली तीनच स्टेशनं, पण सकाळच्या गर्दीत लोकलच्या दांड्याला लटकलेलं शरीर आणि दर तीन तासांनी दुधाने दाटणारी छाती, याचा हिशेब विचारणाऱ्याने केलेला नसतो. पूर्ण रजा घे.

पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं समजू नकोस. पाळीच्या आधी बीज तयार होतं. तपासणीला जाशील तेव्हा तांबी किंवा अंतरा इंजेक्शनबद्दल विचारून घे, दोन्ही पाजणाऱ्या आईला चालतात. नवऱ्याजवळ जायचं तुला मनातून वाटेल आणि टाके दुखायचे थांबतील तेव्हाच. दूध पाजण्याच्या काळात कोरडेपणा असतो, औषधाच्या दुकानात त्यासाठी जेली मिळते. दुखलं तर थांबायला सांगायचं.

हा पुढचा परिच्छेद घरातल्या सगळ्यांनी वाचावा. तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतकं अंगावरून जाणं, मोठ्या गाठी पडणं, १००.४ च्या वर ताप, घाण वास, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, धाप किंवा छातीत दुखणं, न थांबणारी डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. डोकेदुखीला जागरणाचं नाव दिलं जातं, म्हणून ती वेगळी सांगते. गरोदरपणात बीपी नॉर्मल असलेल्या बाईचंही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत अचानक वाढू शकतं. तुझे ते आठवडे नुकतेच सरलेत, पण तुझ्या शेजारणीचे सुरू असतील. स्तन लाल होऊन ताप आला तर लगेच दाखवायचं, पण पाजणं बंद करायचं नाही.

सीझर झालेल्या ज्या वाचत असतील त्यांनाही झोळीचा व्यायाम करायचाच आहे, कारण नऊ महिन्यांचा भार त्यांनीही पेललाय. टाक्यांच्या आसपास बधिर वाटणं कित्येक महिने राहू शकतं. ओल किंवा पू दिसला तर दवाखाना.

आई गेल्यापासून रडू येतं का, हे तू लिहिलं नाहीस, मीच विचारते. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू आपोआप ओसरतं. सातव्या आठवड्यातही रोज उदास वाटत असेल, बाळ झोपलं असूनही तुला झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना तेही सांग. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार आले तर त्या क्षणी घरातल्या कुणाला तरी उठव.

आणि एक काम सासूबाईंचं. "आम्हालापण होतं," असं त्या म्हणाल्या. मला ते टोमण्यासारखं वाटलं नाही. इतक्या वर्षांत कदाचित पहिल्यांदाच त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं असेल. त्यांचं वय काय ते तू लिहिलं नाहीस, पण हा व्यायाम साठीतही लागू पडतो. दुपारी बाळाला पाजायला बसशील तेव्हा त्यांना शेजारी बसव आणि आठ वेळा मोजायला सांग. मोजता मोजता त्याही करतील. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा त्यांचाही केसपेपर काढ.

तुझी मावशी